शेवटच्या गाडीचा दांडका

मी हातभर लांबीचा एक लाकडी दांडका आहे. मला तोंड नाही, तरी बोलतोय. कारण ज्यांना तोंडं आहेत ती सगळी माणसं गप्प बसली आहेत. माझं बोलणं जरा खरखरीत लागेल. लागू दे. मी काही तुमच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू नाही.

मुळात मी फावड्याचा दांडा. रस्त्याच्या कामावर खडी ओढता ओढता एक दिवस कडाडलो आणि मधोमध मोडलो. लोखंडाकडचा तुकडा भंगारात गेला, उरलेला मी खडीच्या ढिगावर पडून राहिलो. मुकादमानं मला उचललं ते पाठ खाजवायला. आठ दिवस मी तेवढंच काम केलं. त्या माणसाची पाठ मोठी होती आणि खाज त्याहून मोठी.

मग काम डोंगराच्या वळणावर पोचलं आणि मला बढती मिळाली.

तिथला प्रकार असा होता. रस्ता अरुंद. अर्धी बाजू खणलेली, उरलेल्या अर्ध्या बाजूवरून गाड्या. त्या चालू बाजूवर एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या मावत. म्हणून वरच्या टोकाला एक पाटीवाला आणि खालच्या टोकाला एक. पाटीच्या एका अंगाला 'थांबा', दुसऱ्या अंगाला 'जा'. पण मधे वळण असल्यामुळे या टोकाला ते टोक दिसायचं नाही. मोबाईलला रेंज नाही. एकमेकांशी बोलायची यंत्रं 'पुढच्या आठवड्यात येतील' असं साहेब कितीतरी आठवडे सांगत होता. मग वरून सुटलेली शेवटची गाडी कोणती, हे खालच्याला कळणार कसं?

मुकादमानं पाठ खाजवता खाजवता उपाय काढला. मला लाल रंग फासला, टोकाला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली आणि नियम घातला. गाड्या सोडताना शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात दांडका द्यायचा. त्यानं तो पलीकडच्या पाटीवाल्याला द्यायचा. दांडका हातात आला की समजायचं, वाट मोकळी झाली. मग आपल्या बाजूच्या गाड्या सोडायच्या. दांडका आला नाही, तर गाडी सोडायची नाही. मग रांगेतल्यांनी आई-बाप काढले तरी.

नियमाला आणखी एक शेपूट होतं. कुणा कामगाराला चालू बाजूवर उतरून काम करायचं असेल, तर त्यानं एका टोकाला जाऊन मला मागून घ्यायचं आणि कमरेला खोचायचं. मी त्याच्या कमरेला असेपर्यंत दोन्ही टोकांना 'थांबा'. मी एकच होतो, म्हणून हा नियम पक्का होता. मी ज्याच्या कमरेला, त्याच्या जिवाला धोका नाही.

अशा नियमाची गरज का पडली, तेही सांगतो. मागच्या वळणावर खडी पसरणाऱ्या एकाचा हात जाणाऱ्या गाडीच्या आरशानं मोडला होता. गाडीवाला थांबला, उतरला, आरसा नीट तपासला आणि निघून गेला. हाताकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

वरच्या टोकाला पाटी धरायचा तो म्हातारा. त्याला सगळे मामा म्हणत. खालच्या टोकाला वहिनी. ती सगळ्या टोळीची वहिनी, कारण तिचा नवरा टोळीत सगळ्यांत जुना. त्याला म्हणत सांधेवाला. जुना रस्ता आणि नवा रस्ता जिथे मिळतात, त्या फटीत गरम डांबर ओतून ती बुजवायची, हे त्याचं काम. ती फट नेमकी चालू बाजूला लागून असे. त्यामुळे मी दिवसातून चार-पाच वेळा त्याच्याच कमरेला असायचो. मला खोचलं की तो उकिडवा बसून कामाला लागायचा, आणि मग गाडी येतेय का म्हणून मान वर करून एकदाही बघायचा नाही.

"अरे, अधूनमधून बघत जा," मामा म्हणायचा.

"खाली कोण उभंय? माझी बायको. ती दांडक्याशिवाय देवालाही सोडायची नाही," असं म्हणून तो डांबराची बादली कलती करायचा.

आणि खरंच होतं ते. वहिनी म्हणजे लोखंड. एकदा एका मोठ्या माणसाची मोठी गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आत कोण बसलंय माहितीय का?" वहिनी म्हणाली, "दांडका बसलाय का? नाही ना? मग थांबा."

उन्हात तिच्या तळहाताला घाम यायचा आणि मी निसटून पडायचो. दोनदा चाकाखाली येता येता वाचलो. हे नवऱ्याला कळलं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तो पटाशी घेऊन बसला. "अंगठा दे," म्हणाला. तिचा अंगठा माझ्यावर ठेवून त्यानं खिळ्यानं दोन बाजूंना रेघा मारल्या आणि तेवढीच खाच कोरली. तिचा अंगठा तिथे असा बसला, जणू माझ्याच अंगातून उगवलाय. त्यानं स्वतःचा अंगठा घालून पाहिला. तो रुंद, मावेना.

"ही तुझ्याच मापाची. माझं काम नाही इथे," तो हसत म्हणाला.

"बरं झालं. एक तरी वस्तू अशी असू दे, जिच्यात तुम्ही अंगठा घालणार नाही," वहिनी म्हणाली. टोळी खो खो हसली. माझ्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता, असं विचाराल तर तो.

त्यानंतर रोज तीस-चाळीस गाड्यांमधून माझा प्रवास सुरू झाला. माणसं मला कशी धरतात, यावर मी ग्रंथ लिहीन. काही जण दोन बोटांच्या चिमटीत धरतात, मेलेला उंदीर धरावा तसं. काही जण विचारतात, "याचं काय करायचं?" पलीकडे द्यायचा म्हटलं, तर म्हणतात, "आम्हाला काय मिळणार?" ट्रकवाले माझ्यानं गाण्याचा ठेका धरतात. नवरा-बायकोचं भांडण चालू असलं तर मला कुणाच्या मांडीवर ठेवायचं, यावर ते आणखी वाढतं. काचा वर करून, गार हवेत बसून, बाहेरच्या घामेजलेल्या माणसांकडे बोट दाखवत "ही माणसं नुसती उभी असतात," असं म्हणणारेही मला मांडीवर घेऊन बसलेत. मी गप्प राहिलो. तेव्हा मला बोलायची गरज वाटली नव्हती.

सहा महिने असे गेले. एकाही माणसाला ओरखडा आला नाही. त्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

मग एका दुपारी वहिनीनं मला एका नव्या कोऱ्या मोटारीत दिलं. मोटार वर चालली होती. चालवणारा फोनवर भांडण्यात गुंग. रेंज जायच्या आत त्याला शेवटचा शब्द आपला ठेवायचा होता. शेजारी त्याची म्हातारी आई. मला तिनंच घेतलं, पायाशी ठेवलं आणि गाडीच्या हेलकाव्यांनी तिचा डोळा लागला. वरच्या टोकाला मामा हात पुढे करून उभा होता. मोटार त्याच्या हातासमोरून सुसाट निघून गेली. मामा "अहो, दांडका! दांडका!" करत बोंबलत मागे धावला. आरशात तो लहान लहान होत गेला, एवढं मला दिसलं.

चार दिवस मी त्या मोटारीत पडून होतो. इकडे काय झालं, ते मला पुढे बंद पेटीत असताना मुकादमाच्या तोंडून कळलं. त्याला बढाई मारायची सवय होती, म्हणून बरं.

मी हरवल्यावर मुकादमाचं धाबं दणाणलं. साहेब पाहणीला यायचा होता. दांडका हरवला हे कळलं तर ओरडा बसणार. मग त्यानं कुदळीचा एक मोडका दांडा घेतला, माझ्याच मापाचा कापला, त्याच डब्यातला लाल रंग फासला आणि तशीच पांढरी चिंधी बांधली.

वहिनी म्हणाली होती, "मुकादम, याला निळा द्या ना रंग. वेगळा ओळखू येईल."

"वेगळा कशाला? जुना काय परत येणार आहे?"

सगळे हसले. वहिनीही हसली असेल. या माणसांच्या चपला चोरीला गेलेल्या, डबे गेलेले, सायकली गेलेल्या. नेलेली वस्तू कुणी परत आणून देतं, असं त्यांच्यातल्या एकाच्याही आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्यामुळे ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पण म्हातारी प्रामाणिक होती. गाडी झाडताना मी सापडलो, तेव्हा तिनं मुलाला फैलावर घेतलं. "अरे, कुणाच्या कामाची वस्तू आहे ही. बिचारी माणसं शोधत असतील." तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, चिंधीसुद्धा धुऊन वाळवून पुन्हा बांधली. आणि चौथ्या दिवशी परत जाताना मला मांडीवर घेऊन बसली.

आता मोटार वरून खाली येत होती. वरच्या टोकाला गाड्या सुटत होत्या. म्हातारी म्हणाली, "थांबव, या म्हाताऱ्याला देऊन टाकू." मुलगा म्हणाला, "मागे ओरडतील ग. पुढे देऊ." तिलाही ते पटलं. "हो, ज्या बाईनं दिला तिच्याच हातात देईन. बरं वाटेल तिला."

त्यांची मोटार त्या खेपेची शेवटची गाडी होती. तिच्या मागे मामानं 'थांबा' फिरवलं. शेवटच्या गाडीला द्यायचा दांडका मात्र त्यानं दिला नाही, कारण सांधेवाला शेजारीच हात पुढे करून उभा होता. त्याला चालू बाजूवर उतरायचं होतं. नवा दांडका त्यानं कमरेला खोचला, डांबराची बादली उचलली आणि वळणाकडे निघाला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. खाली वहिनीकडे शेवटची गाडी दांडक्याशिवाय पोचली असती, तिनं ओळखलं असतं की आत आपला माणूस आहे, आणि ती लोखंडासारखी उभी राहिली असती.

शेवटच्या गाडीतून मी पोचलो.

म्हातारीनं काच खाली केली आणि मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "घे ग बाई. राहूनच गेला होता." वहिनीच्या बाजूला तीस-पस्तीस गाड्यांची रांग, सगळ्यांचे हॉर्न एकदम, म्हातारीचे शब्द त्यात बुडाले. वहिनीनं मान डोलावली. शेवटची गाडी, हातात लाल दांडका. सहा महिने रोज जे घडत होतं, तेच घडलं. तिनं पाटी फिरवली. 'जा'.

पहिला टेम्पो होता. चालवणाऱ्याला उशीर झाला होता. तो बंदुकीतून सुटावा तसा सुटला.

आणि मग तिचा अंगठा सवयीनं माझ्यावर फिरला आणि खाचेत जाऊन बसला.

नव्या दांडक्याला खाच नव्हती. चार दिवस तिचा अंगठा नुसताच घसरत होता. मला ती थिजलेली जाणवली. किती वेळ? तुम्ही एकदा श्वास घ्याल, एवढा. मग ती दुसऱ्या गाडीपुढे आडवी झाली, पाटी फेकली आणि टेम्पोच्या मागे धावत सुटली. "थांबवा! आत माणूस आहे! थांबवा!" टेम्पो वळण घेऊन दिसेनासा झाला होता.

सांधेवाला उकिडवा बसला होता, पाठ आमच्याकडे. बाजूला रोलर धडधडत होता, कानावर काही पडणं शक्य नव्हतं. आणि दांडका कमरेला असल्यावर मान वर करायची नाही, हा त्याचा अभिमान. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला. गाडीचं मागचं अंग घसरून फिरलं. सांधेवाल्याचा डावा पाय चाकाखाली गुडघ्यापर्यंत गेला. डांबराची बादली त्याच्या मांडीवर उपडी झाली. गरम डांबर पाण्यासारखं वाहून जात नाही. ते जिथे पडतं तिथेच बसतं. तो ओरडला, तेव्हा रोलरवाल्यानं रोलर बंद केला आणि नंतर ते ओरडणं सगळ्या डोंगराला ऐकू गेलं.

वहिनी मला हातात घेऊनच पोचली. तिनं त्याच्या कमरेला खोचलेला नवा दांडका पाहिला. मग हातातला मी पाहिला. मी तिच्या हातून गळून पडलो, रक्तात आणि डांबरात.

रांगेतले लोक उतरून आले. काहींनी मोबाईल काढले. एक जण चालत वळणापर्यंत आला, पाहिलं आणि म्हणाला, "अजून अर्धा तास तरी जाणार म्हणजे." खोटं नाही बोलला. पाऊण तास गेला.

म्हातारीची मोटार तेव्हा कुठल्या कुठे गेली होती. ती अजूनही समाधानानं झोपत असेल. तिच्यावर राग धरावा, तर कशासाठी धरू, हे मला आजवर सापडलेलं नाही.

दवाखान्याची गाडी निघून गेल्यावर मुकादम वाकला, मला उचललं, शर्टाखाली लपवलं आणि पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत, रिकाम्या गोण्यांच्या तळाशी कोंबून कुलूप घातलं. मग त्यानं टोळीला बोलावलं.

"दोन दांडके होते हे बाहेर गेलं, तर आधी मी जाईन, मग मामा, मग तुम्ही सगळे. काम बंद पडेल. दांडका एकच होता, तो त्याच्या कमरेला होता. बाईनं घाईत गाडी सोडली. कळलं?"

"आणि वहिनी?" मामानं विचारलं.

"वहिनी काय, तिचं नशीब," मुकादम म्हणाला.

चौकशीला साहेब आला. खुर्ची एकच होती आणि तिचा पाय मोडका, म्हणून तो पेटीवर बसला. मी ज्या पेटीत होतो, तिच्यावरच. चहाचा कप माझ्या डोक्यावरच्या झाकणावर टेकवत तो म्हणाला, "बोला बाई."

"साहेब, जुना दांडका परत आला होता. शेवटच्या गाडीतून आला. माझ्या हातात होता. त्याला खाच आहे, यांनीच कोरलेली. मी तो तिथेच टाकला."

"मुकादम?"

"नाही साहेब. जुना कसला? पहिल्यापासून एकच आहे. हा बघा."

वहिनी रोलरवाल्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही तर समोर होतात. माझ्या हातात बघितलात ना तुम्ही?"

रोलरवाल्यानं बघितला होता. मला पक्कं माहीत आहे, कारण माझीही नजर तेव्हा त्याच्यावर होती. तो म्हणाला, "मी रोलरवर होतो वहिनी. धुरात काय दिसतंय?"

"मामा?"

मामा वरच्या टोकाला होता, त्यानं डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण म्हातारा खुळा नव्हता. ज्या बाईनं मोठ्या माणसाच्या मोठ्या गाडीला दाद दिली नाही, ती आपल्या नवऱ्यावर टेम्पो सोडेल का, हे त्याला कळत होतं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

साहेब उठला. पेटीचं झाकण हललं. मी आतून जीव तोडून एक तरी आवाज करायला पाहत होतो. लाकडाचा आवाज दुसऱ्या कुणी आपटल्याशिवाय निघत नाही. साहेबानं लिहिलं, 'पाटीवाल्या बाईचा निष्काळजीपणा', आणि ती त्याच दिवशी कामावरून गेली.

आठवड्यानं ती पुन्हा आली. मुकादम एकटाच होता खोलीत.

"मुकादम, कामाचं राहू दे. मला काम नको," ती म्हणाली. "त्यांचा पाय कापला. गुडघ्याखाली काही ठेवलं नाही. शुद्धीवर आल्यापासून एकच बोलतात. म्हणतात, 'दांडका माझ्या कमरेला होता, तू गाडी सोडलीस कशी?' मी म्हणते, जुना आला होता. म्हणतात, 'मग दाखव. खाच दाखव, मी तुझे पाय धरीन. नाहीतर तोंड दाखवू नकोस.' एकदा फक्त ती पेटी उघडा. बाकी कुणाला सांगणार नाही मी. त्यांना नुसता दाखवते आणि आणून देते."

"पेटीची चावी साहेबाकडे असते," मुकादम म्हणाला. चावी त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती.

ती पेटीजवळ आली. तिनं झाकणावर हात ठेवला. आमच्यात फक्त पत्रा आणि चार गोण्या होत्या. मग ती गेली. मला रडायला येत असतं, तर त्या दिवशी रडलो असतो. मला येतो तो फक्त राग, आणि तो लाकडात मुरतो.

आठ महिने मी पेटीत होतो. काम पुढे सरकलं, पत्र्याची खोली सरकली, पेटीही सरकली. मग एके दिवशी रोलर मागे घेताना नवा दांडका त्याखाली आला आणि त्याचा भुगा झाला. मुकादमानं पेटी उघडली. आता कोण विचारतंय, असं त्याला वाटलं असणार. त्यानं माझ्यावर जाड रंगाचा हात फिरवला. खाच थोडी बुजली. पूर्ण नाही बुजली.

मी पुन्हा कामाला लागलो. खालच्या टोकाला आता दुसरी बाई आहे. ती मला कुठेही धरते.

आणि मग ती जीप आली. सात-आठ माणसं कोंबलेली, भाड्याची. त्या खेपेची शेवटची गाडी. बाईनं मला आत दिलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, धरा जरा," आणि मी पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हातात गेलो. त्याच्या बाजूला दोन कुबड्या होत्या. डाव्या पायाची विजार गुडघ्यापाशी दुमडून पिन लावलेली होती.

सांधेवाला. दवाखान्यात लाकडी पायाचं माप द्यायला निघाला होता. वहिनी मागे होती, गाठोड्यांच्या मधे, मान खाली घालून. एकट्यानं त्याला गाडीतून उतरता येत नाही, म्हणून ती बरोबर. घरात एका खोलीत राहतात ती दोघं. ते मला त्याच्याच बोलण्यावरून कळलं, कारण तो ड्रायव्हरला गोष्ट सांगत होता. रंगवून सांगत होता. ही गोष्ट त्यानं खूप जणांना सांगितली असणार, कुठे थांबायचं, कुठे हसू येतं, सगळं त्याला ठाऊक होतं.

"तर भाऊ, दांडका माझ्या कमरेला. हाच असा. म्हणजे मी त्या रस्त्याचा राजा! मला कुणाची भीती? आणि आमच्या घरच्या माणसानं काय केलं असेल?" त्यानं अंगठ्यानं मागे खूण केली. "विचारा, मागेच बसलीय."

ड्रायव्हर हसला. जीपमधली आणखी दोन माणसं हसली. वहिनीनं मान आणखी खाली घातली.

सांधेवाल्याचा अंगठा परत माझ्यावर आला, सरकला, आणि अडला.

त्यानं खाली पाहिलं. नखानं रंग खरवडला. आतून खाच निघाली. खिळ्यानं मारलेल्या दोन रेघा, मधे पटाशीचे व्रण, त्याच्याच हातचे. त्यानं अंगठा आत घालून पाहिला. मावेना. त्याचा तळहात एकदम ओला झाला. तिला तोंड दाखवू नकोस म्हणालेला तो माणूस, तिच्या पुढे दोन हातांच्या अंतरावर बसून माझ्याकडे बघत होता, आणि आता त्याला सगळं माहीत होतं.

मी मनात म्हणालो, बोल. वळ मागे आणि बोल. तुझा शब्द आहे.

"मग? पुढे?" ड्रायव्हरनं विचारलं.

जीप खडखडत चालली होती. आठ महिने सांधेवाल्याकडे दोनच आधार होते, कुबड्या आणि हा राग. कुबड्या तर काखेत रुततात. मला हे कळतं. पण मला ते माफ करता येत नाही.

"मग काय," तो म्हणाला. "सोडली तिनं गाडी. दांडक्याशिवाय."

आणि त्यानं खाचेवर अंगठा दाबून धरला. त्याचा अंगठा रुंद आहे. खाच पूर्ण झाकली गेली.

वरच्या टोकाला मामा उभा होता. हात पुढे करताना त्यानं सांधेवाल्याला ओळखलं. मग त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, खरवडलेला रंग पाहिला. दोघांची नजर एकमेकांत अडकली.

"बरं आहे ना?" मामानं विचारलं.

"बरंय."

मागून वहिनीचा आवाज आला. "काय झालं? का थांबलो?"

"काही नाही. दांडका देतोय," सांधेवाला म्हणाला, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, चल."

जीप निघून गेली. मामानं मला पाठीमागे धरलं, कुणाला दिसू नये म्हणून.

माझं काम अजून चालू आहे. माझ्या अंगावरचा लाल रंग पोपडे धरून उडतोय, पण लाकूड टिकेल आणखी दोन-तीन वर्षं. तुम्हीही कधी त्या रस्त्यानं जाल. शेवटची गाडी तुमची असेल तर मी तुमच्या हातात येईन. मला चिमटीत धरा, मांडीवर ठेवा, गाण्याचा ठेका धरा, माझी तक्रार नाही. फक्त एकदा अंगठा फिरवून खाच चाचपून बघा, म्हणजे मी खोटं बोललो नाही, हे तुम्हाला पटेल.

आणि पुढे कधी एखाद्या जीपमध्ये, मागच्या सीटवर, गाठोड्यांच्या मधे मान खाली घालून बसलेली एक बाई तुम्हाला दिसली, आणि पुढे बसलेला पाय गेलेला माणूस तीच गोष्ट रंगवून सांगत असला, तर हसू नका. जरा मागे वळा आणि तिला एवढंच सांगा, की दांडका आला होता.